सात लिटरची भेट

३० एप्रिल २०२१ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने एक छोटी अधिसूचना काढली. घरगुती वापरासाठी लागणारा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर टपालाने, कुरियरने किंवा ऑनलाइन दुकानातून परदेशाहून मागवता येईल आणि सीमाशुल्क खात्याकडून तो ‘भेटवस्तू’ म्हणून सोडवून घेता येईल, असे तिच्यात म्हटले होते. ही सवलत ३१ जुलैपर्यंत होती.

या अधिसूचनेला दीड वर्षापूर्वीची पार्श्वभूमी होती. परदेशी संकेतस्थळांवरून विकत घेतलेल्या वस्तूंच्या पाकिटांवर विक्रेते सर्रास ‘भेट’ असे लिहीत. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूला कर नसे, आणि त्या फटीतून विक्रीचा माल बिनबोभाट देशात येई. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने ही फट बुजवली. भेट म्हणून आयात करण्यास बंदी झाली. अपवाद ठरले दोनच, जीव वाचवणारी औषधे आणि राखी. एप्रिल २०२१ च्या अखेरीस या दोहोंच्या पंगतीत प्राणवायूचे यंत्र येऊन बसले.

त्या दिवसांत दिल्लीला दुसरा मार्गही उरला नव्हता. २० एप्रिलला शहरात एका दिवसात २८,३९५ नवे रुग्ण नोंदले गेले होते. रुग्णालये प्राणवायूचा साठा किती तास पुरेल ते समाजमाध्यमांवर जाहीर करीत होती. २४ एप्रिलला केंद्राने कॉन्सन्ट्रेटरवरील मूळ सीमाशुल्क आणि आरोग्य अधिभार माफ केला. घरगुती वापरासाठी मागवलेल्या यंत्रावरचा एकात्मिक वस्तू व सेवा कर १ मेपासून २८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आला. यंत्रे मुख्यतः चीनमधून यायची होती आणि २६ एप्रिलला सिचुआन एअरलाइन्सने भारताकडची मालवाहू विमाने पंधरा दिवसांसाठी थांबवल्याची बातमी आली. मागणी वाढत होती आणि पुरवठ्याची वाट आखडत होती. अशा वेळी बाजारात खऱ्या मालाबरोबर काय काय येते, ते दिल्लीकरांना लवकरच कळले.

गाझियाबादच्या इंदिरापुरममध्ये एक मराठी जोडपे राहत होते. गृहस्थ दिल्लीच्या एका शाळेत तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. सोसायटीत सारे त्यांना ‘मास्टरजी’ म्हणत. मुलगा पुण्यात होता. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पत्नीला ताप आला आणि चार दिवसांत बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ८६ वर उतरला. रुग्णालयात खाट नव्हती. इंदिरापुरमच्या गुरुद्वाऱ्याने त्याच सुमारास ‘ऑक्सिजन लंगर’ सुरू केला होता. रस्त्यावर ओळीने उभ्या असलेल्या मोटारींच्या मागच्या आसनांवर माणसे प्राणवायू घेत पडलेली असत. त्यांत या बाईंची एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपार गेली. मग नोएडात खाट मिळाली. १२ मे रोजी त्या घरी आल्या. पुढचे काही आठवडे मिनिटाला ३ लिटर प्राणवायू लागेल, असे डॉक्टरांनी लिहून दिले होते.

दीड हजार लिटर वायू मावणारे मध्यम आकाराचे सिलिंडर ३ लिटरच्या वेगाने जेमतेम आठ तास चालते. म्हणजे दिवसाला तीन सिलिंडर. म्हणून मुलाने २ मे रोजीच एका परदेशी संकेतस्थळावर कॉन्सन्ट्रेटरची मागणी नोंदवली होती. जाहिरातीत ठळक अक्षरांत ‘१ ते ७ लिटर’ आणि त्याखाली ‘९३ टक्के’ असे लिहिलेले होते. ५ लिटरच्या यंत्रांपेक्षा हे यंत्र स्वस्त आणि शिवाय २ लिटर अधिक देणारे दिसत होते. १७ मे रोजी खोके आले. कर भरला गेला. खोक्यावरच्या चिठ्ठीवर ‘भेटवस्तू’ अशी नोंद होती.

यंत्र सुरू झाले, हिरवा दिवा लागला, पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे निघू लागले. बोंडे ३ वर ठेवले. सिलिंडरवर ९५ असलेला आकडा अर्ध्या तासात ९० वर आला. बोंडे ७ वर नेले, तरी ८९. १ वर आणले, तरी ९०.

“अहो, हे नुसतेच गार वारे येते आहे नाकात,” त्या म्हणाल्या. “ते सिलिंडरच लावा परत.”

मास्टरजींनी सिलिंडर लावले. वीस मिनिटांत आकडा ९४ झाला.

दोष कोठे आहे हे समजण्यासाठी यंत्र कसे चालते ते पाहावे लागते. कॉन्सन्ट्रेटर प्राणवायू तयार करीत नाही. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि एक टक्क्याहून किंचित कमी अरगॉन असतो. यंत्रातला कॉम्प्रेसर ही हवा दाबून झिओलाइटच्या बारीक मण्यांनी भरलेल्या नळकांड्यात सोडतो. झिओलाइट हे अतिसूक्ष्म छिद्रांचे खनिज आहे. त्याच्या पोकळ्यांत धन भाराचे आयन असतात आणि नायट्रोजनच्या रेणूतील विद्युतभाराची मांडणी अशी असते, की हे आयन ऑक्सिजनपेक्षा नायट्रोजनला अधिक जोराने धरून ठेवतात. नायट्रोजन अडकतो आणि ऑक्सिजन पुढे जातो. काही सेकंदांत मणी नायट्रोजनने भरतात. तेव्हा हवा दुसऱ्या नळकांड्यात वळवली जाते आणि पहिल्यातला दाब सोडून नायट्रोजन बाहेर टाकला जातो. अशी आलटून पालटून चालणारी ही रीत चार्ल्स स्कारस्ट्रॉम या अभियंत्याच्या नावे १९६० मध्ये पेटंट झाली. अरगॉन मात्र ऑक्सिजनबरोबरच निसटतो, म्हणून उत्तम यंत्रातूनही ९५-९६ टक्क्यांच्या वर शुद्धता मिळत नाही.

झिओलाइट महाराष्ट्राला परके नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत त्याचे स्फटिक जगभर नावाजले जातात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतून ते निघाले आहेत, आणि सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात काचेआड मांडलेले पाहता येतात. यंत्रात भरतात ते मात्र कारखान्यात घडवलेले कृत्रिम झिओलाइट असते. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रॉनस्टेटने या खनिजाला दिलेल्या नावाचा अर्थ ‘उकळणारा दगड’ असा आहे, कारण तापवले की त्यातून वाफ निघते. हा दगड पाणी पिऊन बसतो. प्राणवायूच्या यंत्रात हाच त्याचा दुबळेपणा ठरतो. वेष्टन सैल असेल, यंत्र दमट गोदामात पडून राहिले असेल, तर मणी नायट्रोजनऐवजी बाष्पाने भरतात. मग कॉम्प्रेसर घरघरतो, दिवा लागतो, बुडबुडे येतात आणि नळीतून जवळजवळ साधी हवा निघते.

मास्टरजींना आधी हीच शंका आली. त्यांनी बादलीत पाणी घेतले, एक लिटरची बाटली पाण्याने भरून तीत उलटी धरली आणि यंत्राची नळी बाटलीच्या तोंडाखाली नेली. बोंडे ७ वर असताना बाटली साडेआठ सेकंदांत रिकामी झाली. म्हणजे मिनिटाला बरोबर सात लिटर. वेगाबाबत यंत्र खोटे बोलत नव्हते. त्या वायूत प्राणवायू किती, हे मात्र बादलीला कळण्यासारखे नव्हते. त्याला मापक यंत्र लागते आणि त्या महिन्यात तेही बाजारात मिळत नव्हते.

उत्तर माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर होते. तेथे भिंगातून वाचावे लागेल अशा अक्षरांत एक कोष्टक छापले होते. १ लिटरला ९३ टक्के. वेग वाढेल तशी टक्केवारी उतरत जाऊन ७ लिटरला ३० टक्के.

यंत्र बिघडलेले नव्हतेच. ते मुळात एका लिटरचे होते. झिओलाइटच्या मूठभर मण्यांतून मिनिटाला जेवढा प्राणवायू वेगळा होऊ शकतो तेवढाच होणार. बोंडे वाढवले की त्यातच साधी हवा मिसळत जाते. दुधात पाणी घालून माप वाढवावे, तसा हा प्रकार.

हिशेब सोपा आहे, आणि त्या रात्री मास्टरजींनी तो जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर मांडला. ९३ टक्क्यांच्या एका लिटरमध्ये साध्या हवेपेक्षा जादा असलेला प्राणवायू ०.९३ उणे ०.२१, म्हणजे ०.७२ लिटर. ३० टक्क्यांच्या सात लिटरमध्ये जादा प्राणवायू सात गुणिले ०.०९, म्हणजे ०.६३ लिटर. बोंडे १ वर असो की ७ वर, रुग्णाला मिळणारी भर जवळपास तीच. सातवर थोडी कमीच. खऱ्या ५ लिटरच्या यंत्रात, पाचही लिटरला ९३ टक्के धरले तर, ही भर ३.६ लिटर होते. म्हणजे ‘सात लिटरचे’ हे यंत्र ‘पाच लिटरच्या’ यंत्राच्या फार तर पाचव्या हिश्शाइतके होते.

श्वास आत घेताना हवेचा वेग साधारण मिनिटाला ३० लिटर धरला, तर या यंत्रावर फुप्फुसांत जाणाऱ्या हवेतील प्राणवायूचे प्रमाण २१ वरून सुमारे २३ टक्क्यांवर जाते. सिलिंडरच्या ३ लिटरवर ते २९ टक्क्यांच्या आसपास जाते. ऑक्सिमीटर ८९ आणि ९४ या आकड्यांतून हेच सांगत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार वैद्यकीय कॉन्सन्ट्रेटरने ठरलेल्या वेगाला किमान ८२ टक्के प्राणवायू द्यायला हवा आणि त्याखाली आला तर धोक्याची सूचना वाजवायला हवी. या यंत्रात ती सूचना देणारा संवेदकच नव्हता.

त्याच आठवड्यात शेजारच्या इमारतीतल्या एका घरी अमेरिकेतून नातेवाइकांनी पाठवलेले नामांकित बनावटीचे यंत्र आले होते. तेही पुरेसा प्राणवायू देईना. ते पाहायला मास्टरजींनाच बोलावले गेले. त्या यंत्राची गोष्ट वेगळी होती. अमेरिकेतील वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची. आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. त्या कुटुंबाने ट्रान्सफॉर्मर आणून व्होल्ट जुळवले होते. पण ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलू शकत नाही. ६० हर्ट्झसाठी बांधलेली साधी मोटर ५० हर्ट्झवर सुमारे एक-षष्ठांश मंद फिरते, कॉम्प्रेसर तेवढी कमी हवा ओढतो, नळकांड्यांतला दाब कमी पडतो आणि शुद्धता घसरते. तेथे कोणी कोणाला फसवले नव्हते. वेग ५ वरून ३ लिटरवर आणल्यावर त्या यंत्राचा लाल दिवा विझला आणि रुग्णाचे भागले. एक यंत्र प्रामाणिक होते, म्हणून त्याने आपली कमतरता दिवा लावून सांगितली. दुसऱ्याने हिरवा दिवा लावून ती झाकली.

मग तक्रारीचे पर्व सुरू झाले. मुलाने संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. विक्रेत्याने यंत्र चालत नसल्याची चित्रफीत मागितली. चित्रफितीत काय दिसणार? यंत्र चालत होते. मुलाने कोष्टकाचे छायाचित्र पाठवले. विक्रेत्याने उत्तरात तेच कोष्टक परत पाठवले. त्याचे म्हणणे असे, की सारे लिहून दिलेले आहे. यंत्र परत पाठवायचे तर भाडे ग्राहकाचे, आणि ते भाडे किमतीच्या निम्म्याहून अधिक. शेवटी तक्रार मागे घेतल्यास थोडी रक्कम परत देऊ, असा निरोप आला.

“बाबा, मिळतील तेवढे घेऊन टाकू या,” मुलगा फोनवर म्हणाला.

“आणि तक्रार काढली, की खालचे लोक काय वाचणार?” मास्टरजी म्हणाले. “सगळे चांगलेच आहे, असे?”

रक्कम त्यांनी घेतली नाही.

कायदा अशा ग्राहकाच्या बाजूने आहे, निदान कागदावर. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्याच महिन्यातील ई-कॉमर्स नियम भारतात नोंदणी नसलेल्या, पण भारतीय ग्राहकांना पद्धतशीर माल विकणाऱ्या परदेशी संस्थांनाही लागू होतात. ग्राहकाला आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे तक्रार करता येते. विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. परंतु नोटीस बजावायला पत्ता लागतो आणि पाकिटावर पत्त्याच्या जागी नुसते अक्षरांचे जुळवलेले नाव असते. त्यातून आणखी एक गाठ. ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू घेणारा. येथे कार्डाच्या हिशेबात खरेदी होती आणि सीमाशुल्काच्या कागदावर भेट. संकटकाळात लवकर आत येण्यासाठी जे दार उघडले, त्या दाराने आत येणाऱ्या वस्तूला ना पावती होती, ना हमी, ना आयातदार.

याच ‘भेट’ शब्दावर दिल्ली उच्च न्यायालयातही खल झाला. ८५ वर्षांच्या एका कोविडग्रस्त गृहस्थांना त्यांच्या अमेरिकेतील पुतण्याने कॉन्सन्ट्रेटर पाठवला होता. त्यावरच्या १२ टक्के कराला त्यांनी आव्हान दिले. २१ मे रोजी न्यायालयाने व्यक्तिगत वापरासाठी भेट आलेल्या यंत्रावरचा हा कर घटनाबाह्य ठरवला. १ जूनला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. १२ जूनला वस्तू व सेवा कर परिषदेने दर ५ टक्क्यांवर आणला. कर किती असावा यावर तीन पातळ्यांवर विचार झाला, आणि तो आवश्यकच होता. यंत्रातून किती टक्के प्राणवायू निघतो हे तपासण्याची जागा मात्र सीमाशुल्काच्या खिडकीवर नव्हती.

तशी ती असणेही त्या काळात अवघड होते. फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याखाली आली होती, पण नव्याने आलेल्या उपकरणांची नोंदणी सप्टेंबर २०२१ अखेरपर्यंत ऐच्छिक होती. परवान्याची सक्ती पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने आली. दुसरी लाट नेमकी या मधल्या मोकळ्या पट्टीत सापडली. मे महिन्यात दिल्ली पोलिसांनी खान मार्केटसह काही ठिकाणांहून पाचशेहून अधिक आयात केलेले कॉन्सन्ट्रेटर जप्त केले, तेव्हाही चढ्या किमतीबरोबर दर्जाचा प्रश्न न्यायालयात निघाला. सरकारी पक्षाने प्रयोगशाळेच्या अहवालाचा आधार घेतला आणि बचाव पक्षाने आरोप नाकारले. वाद काहीही असो, ‘किती लिटर’ या प्रश्नाइतकाच ‘त्या लिटरला किती टक्के’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे, हे त्या निमित्ताने प्रथमच वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले.

सर्वसामान्य माणसाला प्रयोगशाळेशिवायही काही गोष्टी पडताळता येतात. खरे ५ लिटरचे घरगुती यंत्र साधारण १४ ते २५ किलो वजनाचे असते आणि ३०० वॉटच्या आसपास किंवा अधिक वीज घेते. कारण पाच लिटर प्राणवायू वेगळा काढायला तेवढे झिओलाइट आणि तेवढा कॉम्प्रेसर लागतोच. पाच-सहा किलोचे, शंभर-सव्वाशे वॉटचे यंत्र सात लिटरचा दावा करीत असेल, तर त्याच्या कोष्टकाचे शेवटचे पान आधी वाचावे. नळीपुढे उदबत्ती किंवा काडी पेटवून पाहण्याचा मोह मात्र कोणी करू नये. यंत्र खरे निघाले तर आग लागेल. आणि यंत्र कितीही खरे असले, तरी त्याची मर्यादा ओळखावी. पुण्याच्या बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयाच्या भूलशास्त्र विभागप्रमुखांनी तेव्हाच बजावले होते, की कॉन्सन्ट्रेटर मध्यम आजारासाठी, कमाल ५ लिटरची गरज असेल तोवरच उपयोगी आहे.

इंदिरापुरमच्या त्या घरी सिलिंडरवरच जूनचा दुसरा आठवडा उजाडला. बाईंचा आकडा प्राणवायूशिवाय ९५ वर स्थिरावला आणि स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्ट्या पुन्हा ऐकू येऊ लागल्या. भेट म्हणून आलेले यंत्र बैठकीच्या कोपऱ्यात पडून राहिले. जुन्या यंत्रांनाही तेव्हा चांगली किंमत येत होती. दोघे-तिघे विचारून गेले. एकाने तर मूळ किमतीहून अधिक देऊ केले. मास्टरजींनी त्या प्रत्येकाला वहीतले पान दाखवले. दोघे समजून परत गेले. तिसऱ्याला ते पटले नाही. सात लिटरचे यंत्र घरात ठेवून हा म्हातारा अडवून धरतो आहे, असे म्हणत तो जिना उतरला.

त्या संध्याकाळी मास्टरजींनी जाड कागदाची एक पट्टी कापली, तिच्यावर हिंदीत आणि मराठीत लिहिले, आणि छापील ‘१ ते ७ लिटर’ झाकले जाईल अशी ती यंत्रावर चिकटवली: ‘बोंडे कोठेही ठेवा. प्राणवायू मिनिटाला एक लिटरच. अधिक लागत असेल तर वाट पाहू नका, रुग्णालय गाठा.’